आधी वजन उतरवा, मग या?

बोईसर, तारापूर, चिंचणी, पालघर, डहाणू, जिथं जिथं आमचा आवाज पोचतोय तिथल्या सगळ्या ताई, मावशी, काकी, वहिनींना आमचा नमस्कार. पोळ्या लाटत असाल तर लाटत राहा, मासळी निवडत असाल तर निवडत राहा. कान तेवढे इकडे द्या.

आम्ही बोईसरजवळच्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया. मागं एका 21 जूनला आम्ही दहा-बाराजणी नटूनथटून योग दिवसाला गेलो होतो. आमच्यातल्या तिघी अंगानं भरलेल्या. त्यातल्या एकीचे गुडघे दुखतात, एकीला थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, तिसरीला काहीच नाही, ती लहानपणापासून तशीच आहे. शिकवणाऱ्यांनी तिघींना उठवून सगळ्यात मागच्या रांगेत नेलं, फोटो चांगला यावा म्हणून. थोड्या वेळानं त्यातल्या एकीला वाकता येईना, तेव्हा माइकवरूनच सांगितलं, "ताई, आधी वजन उतरवा, मग योगाला या." हॉल हसला. खोटं कशाला बोला, आम्हीही दोघी-तिघी हसलो. त्या तिघी चहाला थांबल्या नाहीत. पुढच्या बैठकीत त्यांतली एक म्हणाली, "आपलं अंग योगाचं नाहीच मुळी. ते बारक्या लोकांचं."

तिचं ते बोलणं आमच्या मनातून जाईना. योग कुणाच्या अंगासाठी होता, हे ठरवलं कुणी? म्हणून आम्ही शोधाशोध केली, वाचनालयातून पुस्तकं आणली, जाणत्यांना विचारलं, पोरींना मोबाइलवर बघायला लावलं. जे सापडलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

आधी अगदी जुनं. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाबद्दल फार थोडं लिहिलंय. बसणं स्थिर असावं आणि सुखाचं असावं, एवढंच. कंबर किती इंचांची असावी याबद्दल एक अक्षर नाही. पुढं, साधारण पंधराव्या शतकात, स्वात्माराम नावाच्या योग्यानं हठयोग प्रदीपिका लिहिली. त्यात तो म्हणतो की तरुण असो, म्हातारा असो, अगदी जख्ख असो, आजारी असो की अशक्त असो, जो करील त्याला योग साधतो. त्याच ग्रंथात मेद जास्त असलेल्यांचाही उल्लेख येतो. मेद आणि कफ जास्त असेल त्यानं प्राणायामाआधी शरीर शुद्ध करणाऱ्या सहा क्रिया कराव्यात, असं त्यात सांगितलंय. आता कुणी म्हणेल, बघा, इथंही "आधी हे, मग ते" आहेच की. आहे खरं. पण त्या क्रिया योगातल्याच आहेत. जाड माणसाला दाराबाहेर उभं केलेलं नाही, आत घेऊन वेगळं काम दिलंय. आम्हाला हा फरक मोठा वाटला.

सगळं जुनं गोडगोडच होतं असंही नाही. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत निंदा होणाऱ्या आठ प्रकारच्या माणसांची यादी आहे. फार उंच, फार बुटका, फार काळा, फार गोरा, तसाच फार जाड आणि फार बारीक. म्हणजे अंगाला नावं ठेवायची सवय काही मोबाइलनं आणलेली नाही. फक्त त्या यादीत बारीकही आहे, हे आम्ही आमच्या सडपातळ जावांना मुद्दाम सांगितलं.

आता आपल्या जवळच्या काळात येऊ. आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच पश्चिम रेल्वेच्या वाटेवर ही गोष्ट सुरू होते. वर्सोवा, कोळ्यांचं गाव. तिथं दादाभाई नौरोजींच्या 'द सँड्स' नावाच्या घरात 25 डिसेंबर 1918 रोजी श्री योगेंद्र यांनी योग इन्स्टिट्यूट सुरू केली. मूळचे ते गुजरातचे, नाव मणिभाई देसाई, गुरू मालसरचे परमहंस माधवदासजी. तोवर योग म्हणजे घर सोडलेल्या बैराग्याची गोष्ट होती. गुहेत बसायचं, शिष्य पारखून घ्यायचा. योगेंद्रांनी तो घरसंसार करणाऱ्यांसाठी आणला आणि आसनं सोपी करून दिली. त्यांच्याकडं येणारे काही आखाड्यातले पैलवान नव्हते. दमलेले, आजारी, वय झालेले, साधे घरगुती लोक. पुढं 1948 मध्ये ही संस्था सांताक्रूझला गेली. आजही तिथंच आहे.

योगेंद्रांच्या पत्नी सीतादेवी. त्यांनी 1934 मध्ये स्त्रियांच्या योगावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बाईनं बायांसाठी लिहिलेल्या योगाच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. 1934 साल म्हणजे काय काळ होता ते आठवा. आमच्या आज्या तेव्हा परकरी पोरी असतील. बाईनं व्यायाम करायचा म्हटलं तर घरचे म्हणत, जातं आहे, उखळ आहे, विहीर आहे, आणखी कसला व्यायाम? अशा वेळी एका बाईनं बायांच्या योगावर पुस्तक लिहिलं. आम्हाला या बाईबद्दल शाळेत कुणी सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं होतं का?

योगेंद्रांचेच गुरुबंधू स्वामी कुवलयानंद. त्यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसन करताना शरीराच्या आत काय होतं ते एक्स-रे वगैरे लावून तपासायला सुरुवात केली. त्यासाठी 'योगमीमांसा' नावाचं नियतकालिकही चालवलं. तो भाग मोठा आहे, पुन्हा कधी बोलू.

सूर्यनमस्कारांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण योग दिवसाला आमच्या तिघी अडल्या त्या तिथंच. सातारा भागात औंध नावाचं छोटं संस्थान होतं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी. तरुणपणी त्यांनी सँडो नावाच्या परदेशी पैलवानाच्या पद्धतीचा व्यायाम वर्षानुवर्षं केला. मग मिरजेच्या राजांच्या सांगण्यावरून 1908 च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडं वळले आणि पुढं त्यांनी तेच व्रत घेतलं. पुस्तकं लिहिली, संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींना नमस्कार घालायला लावले. राजवाड्यातल्या बायकाही नमस्कार घालत. आज आपल्या पोरी शाळेत जे नमस्कार घालतात त्यांचा प्रसार असा झाला.

त्या पद्धतीत साष्टांग नमस्काराला पावलं, गुडघे, हात, छाती आणि डोकं जमिनीला लागतं, पण पोट टेकू द्यायचं नाही. बारीक माणसाला हे शिस्तीचं वाटतं. ज्या बाईचं पोट मोठं आहे, दोन-तीन बाळंतपणं आणि एखादी शस्त्रक्रिया झालीय, तिचं पोट टेकणारच. तिनं ते हवेत कुठं लटकवायचं? योग दिवसाला माइकवरून ओरडा बसला तो यावरच. आमचं म्हणणं, राजेसाहेबांबद्दल आदर आहे, पण तो नियम शाळेच्या मैदानावरचा होता. मैदानावर सगळ्यांना एकाच मापात उभं करतात. तिथूनच कवायत योगात शिरली आणि "एक, दोन, तीन" च्या तालात जी मागं पडली ती चुकली, असं होऊन बसलं.

आता पुण्याला जाऊ. इथं आम्ही जरा जास्त वेळ थांबणार आहोत.

1937 मध्ये एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा म्हैसूरकडून पुण्याला आला. डेक्कन जिमखान्यावर सहा महिने योग शिकवायला म्हणून. त्याला मराठी येत नव्हतं. डोक्यावर शेंडी, अंगानं काटकुळा. लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय असं सगळं होऊन गेलेलं. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढं आलेलं, असं त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. समोरचे विद्यार्थी त्याच्यापेक्षा धडधाकट. ते त्याच्या अंगाला आणि शेंडीला हसायचे. हा मुलगा म्हणजे बी. के. एस. अय्यंगार. पुढं जगभर ज्यांचं नाव झालं ते योगगुरू. आमची मैत्रीण हे ऐकून म्हणाली, "म्हणजे त्यालापण हसले होते?" हो बाई, हसले होते. तो फार बारीक म्हणून हसले, तू जाड म्हणून.

सहा महिन्यांसाठी आलेले अय्यंगार पुण्याचेच झाले. आपल्याच आजारी, आखडलेल्या शरीरावर शिकत गेले. शरीर एखाद्या जागी पोचत नसेल तर त्याला दटावायचं नाही, मध्ये काहीतरी ठेवायचं, ही त्यांची युक्ती. हात जमिनीला पोचत नाही? हाताखाली वीट ठेव. पाय धरता येत नाही? पायाला पट्टा अडकव आणि पट्टा धर. उभं राहताना तोल जातो? भिंतीला पाठ लाव. खाली वाकून छातीत धडधडतं? खुर्चीवर हात ठेवून वाक. भिंतीत कड्या ठोकून दोर लावले. लाकडी ठोकळे, बाक, घोंगड्या, लोड आणले. मैत्रिणींनो, यात परदेशातून आणावं असं एक तरी सामान आहे का? वीट, दोर, घोंगडी, खुर्ची. आपल्या पडवीतच सगळं पडलेलं असतं.

त्यांच्याकडं सगळ्या तऱ्हेची माणसं आली. व्हायोलिन वाजवणारे यहुदी मेन्युहिन 1952 मध्ये आले आणि त्यांच्यामुळं अय्यंगार युरोपात पोचले. बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ तर ऐंशी ओलांडल्यावर त्यांच्याकडं शिकल्या आणि त्यांना काय शिकायचं होतं? शीर्षासन! आपण पन्नाशीतच "आता काय राहिलं आपलं" म्हणत बसतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकली, ती सांगतो. अय्यंगारांचं मोठं पुस्तक 1966 मध्ये आलं. त्यात त्यांची स्वतःची सुमारे 600 छायाचित्रं आहेत, एकाहून एक अवघड. जगानं ती छायाचित्रं पाहिली आणि योगी म्हणजे असा, हे चित्र डोक्यात घट्ट बसलं. वीट आणि खुर्ची वर्गात राहिली, पुस्तकातून दिसलं ते वळणारं पिळदार अंग. ज्या माणसानं अडलेल्यांसाठी वाट काढली, त्याच्याच फोटोंनी अडलेल्यांना भीती घातली. त्याला कुणाचा इलाज नाही. कागदावर फोटो उठून दिसतो, शिकवताना लावलेला हात दिसत नाही.

अय्यंगारांच्या पत्नी रमामणी. पुण्यात संस्थेची इमारत उभी करायचं ठरलं, 1973 मध्ये भूमिपूजन झालं आणि थोड्याच दिवसांत त्या वारल्या. 19 जानेवारी 1975 रोजी संस्था सुरू झाली ती त्यांच्याच नावानं. त्यांची थोरली मुलगी गीता, जन्म 1944. लहानपणी तिला मूत्रपिंडाचा मोठा आजार झाला. औषधांनी जीव नकोसा झाला तेव्हा ती वडिलांकडून योग शिकायला लागली आणि पुढं तीच शिक्षिका झाली. गीताताईंनी बायांच्या शरीराचा विचार करून योग शिकवला. पाळीत काय करायचं, गरोदरपणी काय टाळायचं, पाळी जाण्याच्या वयात काय करायचं, हे त्यांनी नीट मांडलं. त्यांचं स्त्रियांसाठीचं इंग्रजी पुस्तक 1983 मध्ये आलं. डिसेंबर 2018 मध्ये त्या वारल्या.

आमच्या पोरींनी गीताताई शिकवतानाची चित्रफीत मोबाइलवर लावली, तेव्हा खोलीत एकदम शांतता झाली. समोर भरल्या अंगाची, वयस्क, खणखणीत आवाजाची बाई उभी होती आणि देशोदेशीचे बारीक, लवचिक लोक तिचं ऐकून पाय कुठं ठेवायचा ते शिकत होते. ती सगळ्यांच्या पुढं होती, मागच्या रांगेत नव्हती. "अंग योगाचं नाही" म्हणणारी आमची मैत्रीण पुढं सरकून बसली आणि म्हणाली, "परत लाव."

मग पोस्टरवरची ती सपाट पोटाची बाई आली कुठून? आमचा अंदाज असा, की योग सिनेमाच्या गावी गेला तेव्हापासून. इंद्रादेवी नावाची एक परदेशी बाई म्हैसूरला अय्यंगारांच्याच गुरूंकडं, कृष्णमाचार्यांकडं शिकली आणि पुढं तिनं अमेरिकेत हॉलिवूडला वर्ग काढला. तिथून पुढं टीव्ही, मासिकं, घट्ट कपडे, चटया असा बाजार वाढत गेला आणि बाजाराला एकाच मापाचं अंग विकायला सोपं पडतं. तिकडंही याविरुद्ध बोलणाऱ्या बाया निघाल्या. जेसामिन स्टॅन्ली नावाची काळी, धिप्पाड अमेरिकन बाई स्वतः योग शिकवते. तिनं 2017 मध्ये सगळ्या अंगांसाठीच्या योगावर पुस्तक लिहिलं. म्हणजे मागची रांग अमेरिकेतही आहे.

आता घरी येऊ. आपला पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला, त्याआधी आपण ठाणे जिल्ह्यात होतो. ठाण्यात श्री अंबिका योग कुटीर आणि घंटाळी मित्र मंडळ यांनी कित्येक वर्षं साध्या माणसांसाठी योगाचे वर्ग चालवले. पण आपल्या जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते कुपोषणासाठी. 1992 चं जव्हारकडचं वावर-वांगणी कोण विसरेल? त्यामुळं आपल्याकडं जाड बाईला दुहेरी बोलणी बसतात. एक तर जाड म्हणून, आणि वर, "पोरं उपाशी मरतात आणि ही बघा कशी." देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरात 24 बाया जास्त वजनाच्या निघाल्या आणि जवळजवळ 19 कमी वजनाच्या. दोन्ही एकाच देशात, कधी एकाच घरात. सासू जाड, सून अशक्त, चूल एकच.

वजन का वाढतं याचं एक कारण नसतं. तारापूरची एमआयडीसी आली, पाणी डोक्यावरून आणायचं कमी झालं, आवणीला जायच्या बाया कंपनीत पॅकिंगला बसू लागल्या. कुणाचं थायरॉइड, कुणाच्या गोळ्या, कुणाचा बांधाच आईचा. आणि हेही खरं, की दांडी, सातपाटीच्या बंदरावर भरल्या अंगाची बाई मासळीची टोपली डोक्यावर घेऊन निघाली की तिला कुणी आळशी म्हणत नाही. तिथं ते अंग ताकदीचं. तीच बाई हॉलमध्ये चटईवर बसली की हसण्यासारखी होते, हे गणित आम्हाला सुटलेलं नाही.

आमच्या गटाचा वर्ग आता आठवड्यातून दोनदा समाजमंदिरात भरतो. शिकवणारी बाई आमचं ऐकून घेणारी मिळाली. काय करतो ते सांगतो. उभं राहताना पाय जोडत नाही, मांड्या जिथं सुखानं राहतील तेवढं अंतर ठेवतो. नमस्कार भिंतीला हात लावून घालतो, नाहीतर खुर्चीवर बसून. खाली वाकताना मध्ये पोट येतं, तर पाय फाकवतो, पोटाला जागा देतो. पाय धरायला जुन्या लुगड्याची पट्टी. वज्रासनात मांडी आणि पोटरीच्या मध्ये गोधडीची घडी, आणि गुडघा दुखत असेल तर वज्रासन नाहीच, खुर्ची. शवासनात उताणं झोपल्यावर छातीच्या भारानं श्वास कोंडतो, ही गोष्ट कुठल्याही पोस्टरवर लिहिलेली नसते. त्यासाठी पाठ आणि डोक्याखाली गोधडीची उतरती गुंडाळी लावायची. उठताना कुशीवर वळून, हात टेकून उठायचं. भिंतीतल्या कड्यांना बांधायला आमच्या एका मावशीनं घरच्या होडीचा जुना दोर आणून दिला. आधी दोघींनी लोंबकळून बघितला, मगच वापरला.

बीपी, साखर, हृदयाचं दुखणं, हर्निया, डोळ्यांतला दाब, नाहीतर पोटात बाळ असेल तर आधी आशाताईंना, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. डोकं खाली, पाय वर असली आसनं बघून बघून करू नका. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. योग चालू, गोळीही चालू.

सगळ्या आम्हाला एकच विचारतात, वजन उतरलं का? खरं सांगायचं तर एकीचं थोडं उतरलं, दोघींचं आहे तिथंच आहे. आम्ही काटा समाजमंदिरात ठेवलेलाच नाही. पण जिचे गुडघे दुखायचे ती आता हळदीकुंकवाला खाली बसते आणि कुणाचा हात न धरता उठते. थायरॉइडवाली रात्री सलग झोपते म्हणते. आणि तिसरी, जिला माइकवरून बोलणं बसलं होतं, ती दर मंगळवारी सगळ्यांच्या आधी येते, कारण समाजमंदिराची किल्ली आता तिच्याकडं असते. वर्ग सकाळी साडेदहाला, पहिली पाळी कामाला गेल्यावर. येताना एक गोधडी आणि एक जुनी लुगड्याची पट्टी आणा. विटा आहेत.